झटपटची खरी सोय पिठाच्या डब्यात असते

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी झटपट तिखट-मिठाच्या रोट्या कशा करायच्या यावर पानभर मजकूर आला होता, तो मी पूर्ण वाचला आणि गिरणीवर दळण घेऊन आलेल्या बायांनाही वाचायला दिला. मैदा, दही, बेकिंग पावडर, वरून चीज आणि ऑरेगॅनो, की झाली रोटी. रेसिपी बरोबर आहे, तशी रोटी होते, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण अख्ख्या पानात ज्वारीचं नाव नाही, बाजरीचं नाही, कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाचं, नाही, धिरड्याचं नाही, आणि पेपर तर जळगाव-धुळे-नंदुरबारला घरोघरी वाचला जातो, हे मनाला लागलं म्हणून लिहितेय. पत्र लांबलं तर खुशाल कापा, पण मापं तेवढी कापू नका, ती लोकांच्या कामाची आहेत.

अमळनेर तालुक्यात आमची पिठाची गिरणी आहे, सासऱ्यांनी टाकलेली, आता मी आणि आमचे हे मिळून चालवतो. कोणाच्या घरात काय शिजतं हे गिरणीवर लगेच कळतं. आधी ज्वारीच्या डब्यांची रांग असायची आणि गहू सणावाराला, आता गव्हाचेच डबे जास्त, ज्वारी घरातल्या म्हाताऱ्या माणसांपुरती किंवा डॉक्टरने सांगितलं म्हणून. नव्या सुना-पोरींना विचारलं की एकच उत्तर येतं, "आते भाकरी थापाले येळ कोनले शे?" आणि याच पोरी सकाळी टिफिनसाठी मैद्याचं पीठ मळून, झाकून, वाट बघून, लाटून रोट्या करतात, म्हणजे वेळ तर तिथेही जातोच ना.

भाकरीला वेळ लागतो हा गैरसमज आहे, आणि तो कुणीतरी छापून खोडायला पाहिजे. गव्हात जो ताणला जाणारा चिकट भाग असतो, ग्लुटेन म्हणतात त्याला, तो मळताना घट्ट होतो, लगेच लाटायला घेतलं तर पोळी मागे ओढते, म्हणून कणीक किंवा मैदा मुरवत ठेवावा लागतो. ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नसतंच, त्यामुळे मुरवायची भानगडच नाही, उलट मळून ठेवलं तर भाकरी चिरते. परातीत एका भाकरीपुरतं पीठ ओढायचं, मळायचं, थापायचं, तव्यावर टाकायची, ती शेकतेय तोवर दुसरीचं मळायचं, पाहुणे हात धुवून बसेपर्यंत पहिली ताटात. बेकिंग पावडरचंही तसंच आहे, ती ओली झाली की गॅस सुटतो आणि मैद्याच्या रोटीत तो गॅस ग्लुटेनची जाळी धरून ठेवते. भाकरी फुगते ती नुसत्या वाफेवर, तिला कसलीच पावडर लागत नाही.

आता भाकरी थापताना काठ फाटतात, उचलताना मोडते, म्हणून पोरी घाबरतात हे खरं आहे. पण गिरणीवाली म्हणून सांगते, बहुतेक वेळा दोष हाताचा नसतो, पिठाचा असतो. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जातं, त्यात चिकटपणा राहत नाही, मग कितीही मळा, थापताना चिरणारच. ज्वारी पंधरा दिवस पुरेल इतकीच दळायची, बाजरी तर आठवड्यापुरतीच, कारण बाजरीत तेलाचा अंश जास्त असतो आणि पीठ केलं की ती लवकर कडू होते. लोक येऊन जाऊन दळण नको म्हणून एकदम दहा-दहा किलो दळून नेतात आणि नंतर म्हणतात ज्वारीच खराब लागली. दुसरं असं की दळण गिरणीतून निघतं तेव्हा हाताला चांगलं गरम लागतं, ते तसंच डब्यात दाबून झाकण लावलं की आत घाम सुटतो आणि पीठ आंबूस होतं, त्यामुळे घरी गेल्यावर आधी परातीत किंवा कापडावर पसरायचं, पूर्ण गार झालं की मगच भरायचं. आणि ज्वारी दळताना बारीक सांगायची, भाकरीला भरड पीठ चालत नाही. बट्टीला चालतं, बट्टीचं आम्ही मुद्दाम जाडसर काढतो, गव्हात थोडा मका घालून.

पाणी उकळतं पाहिजे, कोमट नाही. उकळत्या पाण्यात ज्वारीचं सत्त्व फुगतं आणि चिकट होतं, जे काम गव्हात ग्लुटेन करतं ते इथे गरम पाणी करतं, एवढीच त्यातली गोम आहे. अगदीच नवीन असाल तर उकड काढा, म्हणजे एक वाटी पाण्यात मीठ टाकून उकळी आली की एक वाटी पीठ घालायचं, गॅस बंद करून नीट हलवायचं आणि पाच मिनिटं झाकून ठेवायचं, मग तळहाताच्या टाचेने रगडून मळायचं, कोरडं वाटलं तर पाण्याचा हात लावायचा. ही भाकरी लाटण्याने लाटली तरी होते, खाली कोरडं पीठ भुरभुरवून. थापताच आली पाहिजे असा हट्ट कशाला, ज्वारी पोटात जाणं महत्त्वाचं, पोरांना आधी लाटून खाऊ देत, थापायला नंतर शिकतील.

तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवतात ते नुसती रीत म्हणून नाही. पिठाची बाजू वर येते, तिथे पाणी लागलं की कोरडं पीठ भिजून वर पातळ पापुद्रा धरतो, भेगा बुजतात आणि मग आतली वाफ बाहेर पळत नाही, भाकरी टम्म फुगते. पाणी सुकायच्या बेतात असतानाच उलटायची, पूर्ण वाळू दिली की कडक होते. तवा लोखंडी आणि चांगला तापलेला हवा, कारण नॉनस्टिकला भाकरीइतकी आच देऊ नये आणि आच नसेल तर भाकरी फुगत नाही.

हे झालं साध्या भाकरीचं. पण तुमच्या पानाचा विषय तिखट-मिठाच्या झटपट रोट्या हा होता, आणि त्यात आपल्या खान्देशात कळण्याच्या भाकरीला तोड नाही असं माझं ठाम मत आहे. आमच्याकडे येणारं माप असं, चार किलो ज्वारी, एक किलो अख्खे काळे उडीद सालीसकट, मूठभर मेथीदाणे आणि मीठ, सगळं एकत्र करून बारीक दळायचं. दादर जातीची ज्वारी असेल तर उत्तम. काही घरांत पाचाला एक घेतात, काही जण हिवाळ्यात निम्मी बाजरी घालतात, तेही चांगलं लागतं. उडीद आतून चिकट असतो हे वडे करणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे, तोच चिकटपणा ज्वारीला बांधून ठेवतो, त्यामुळे कळण्याची भाकरी नवशिक्या हातालाही मोडत नाही आणि सकाळची संध्याकाळी मऊ राहते. मीठ आधीच पिठात, मेथीचा वास आधीच पिठात, म्हणजे सकाळी उठून तुम्हाला फक्त गरम पाणी घालायचंय. यापेक्षा झटपट अजून काय असतं सांगा. वर कच्चं शेंगदाणा तेल, मिरचीचा ठेचा आणि फोडलेला कांदा, भाजी नसली तरी जेवण पूर्ण.

ताकदीचं बोलायचं तर उडदात शंभर ग्रॅमला साधारण चोवीस ग्रॅम प्रोटीन असतं, ज्वारीत दहाच्या आसपास. आणि नुसतं जास्त-कमी एवढंच नाही, धान्याच्या प्रोटीनमध्ये लायसिन नावाचा जो घटक कमी पडतो तो डाळीत भरपूर असतो, आणि डाळीत जो कमी तो धान्यात, त्यामुळे दोन्ही एकत्र खाल्लं की एकमेकांची कसर भरून निघते. हे आपल्या आज्यांनी पुस्तक न वाचता एका डब्यात एकत्र दळून ठेवलं होतं. जिमला जाणारी पोरं प्रोटीन पावडरचे डबे आणतात त्यांना मी हे गिरणीवरच सांगते, ऐकतात थोडेफार.

खर्चाचंही बघा. २०२४-२५ च्या खरिपाला सरकारने हायब्रीड ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३३७१ रुपये धरला होता आणि उडदाचा ७४००. चाराला एक या मापाने किलोभर कळणा त्या भावात बेचाळीस रुपयांच्या आत पडतो. दुकानात अर्थातच जास्त पडेल, दादर अजून महाग, वर दळणावळ, तरी तयार मिक्सच्या पाकिटाशी कोणीही ताडून बघावं.

आता भाकरीला अजिबात हातच लावायचा नाही असं ज्यांचं ठरलेलंच आहे त्यांच्यासाठी धिरडं. हेच कळण्याचं पीठ दोन वाट्या घ्या, त्यात बारीक चिरलेली हिरवी मिरची, लसूण ठेचून, कोथिंबीर, हळद, थोडं जिरं, आणि पाणी घालून सरसरीत भिजवा, पळीतून धार पडली पाहिजे पण पाण्यासारखी नाही. दहा मिनिटं तसंच राहू द्या, तेवढ्यात चहा होतो. तवा तापला की अर्धा कांदा उलथण्याच्या टोकाला किंवा काट्याला खोचून तेलात बुडवायचा आणि कापलेली बाजू तव्यावर घासायची, चर्र आवाज येतो आणि कांद्याचा खरपूस वास सुटतो, त्याने तेल अगदी कमी लागतं आणि धिरडं चिकटत नाही. मग वाटीने कडेकडून आत गोल गोल ओतत यायचं, मध्ये ओतून पळीने पसरवलं तर ज्वारीचं धिरडं फाटतं, डोशासारखं त्याला पसरवायचं नसतं. झाकण ठेवा, कडा आपोआप सुटायला लागल्या आणि वरचा ओलेपणा गेला की उलटा. पहिलं धिरडं थोडं फाटलं तरी तवा नीट तापला की पुढची सरळ निघतात. पावसाळ्यात कांद्याची पात घाला, हिवाळ्यात मेथी, उन्हाळ्यात काहीच नसतं तेव्हा नुसतं लसूण-तिखट. सोबत दही किंवा शेंगदाण्याची चटणी. लहान पोरं आवडीने खातात, आणि मिक्सर लागत नाही, आंबवायचं नाही, रात्री भिजत घालायची आठवण ठेवायची नाही.

थालीपीठ सगळ्या महाराष्ट्रात आहे म्हणून जास्त लिहीत नाही, पण भाजणीबद्दल एक सांगायचंच आहे. धान्य-डाळी भाजून का घेतात तर त्याने ओलावा उडतो आणि पीठ जास्त दिवस टिकतं, शिवाय दाणा अर्धा शिजलेलाच असतो, म्हणून तव्यावर थालीपीठ लवकर होतं. म्हणजे भाजणी हे आपलं घरचं इन्स्टंट मिक्सच आहे. आणि बायका भाजणी गरम-गरम गिरणीवर आणतात ते करू नका, पूर्ण गार होऊ द्या, गरम धान्य दळलं तर पिठात वाफ धरते. भाजणी नसेल तर दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, अर्धी वाटी कणीक, एक मोठा कांदा, तीळ, ओवा, तिखट-मीठ, ओल्या कापडावर थापून मधे भोक पाडून त्यात तेल सोडायचं आणि झाकण घालायचं, काम झालं.

पाकिटांबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं पण राहवत नाही. बाजारात मल्टिग्रेन, मिलेट असं मोठ्या अक्षरात लिहिलेली तयार पिठं आणि मिक्स येतात. मी कोणाला वाईट म्हणत नाही, फक्त पाकीट उलटं करून मागचं वाचा. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियमच आहे, म्हणजे जे सगळ्यात जास्त घातलंय त्याचं नाव पहिलं. पहिलं नाव गहू किंवा मैदा असेल आणि ज्वारी-नागली शेवटी शेवटी चिमूटभर असेल तर तुम्ही पैसे कशाचे देताय ते लगेच समजेल. गिरणीवर तुमच्या डोळ्यासमोर तुमचं धान्य दळलं जातं, त्याला लेबल वाचायची गरज पडत नाही.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, आपल्याच देशाने ते संयुक्त राष्ट्रांकडे मांडलं होतं. त्या वर्षी कार्यक्रम झाले, ज्वारीची बिस्किटं, नागलीचे केक, बाजरीचा पिझ्झा यांचे फोटो पेपरात आले, चांगलंच झालं. पण ज्वारी टिकवायची तर ती रोजच्या ताटात आली पाहिजे, केकमध्ये किती जाणार. आणि ज्वारीचा पेरा कमी झाला की कडबाही कमी, कडबा नाही तर गुरांचं काय, हे खेड्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. सातपुड्याकडे, धडगाव-अक्कलकुवा बाजूला आदिवासी घरांत अजून ज्वारी-मक्याची भाकर रोजची आहे, त्यांच्या हातच्या भाकरीवरही तुमच्या पुरवणीत कधीतरी पान यायला पाहिजे, तिथल्या बायांकडूनच विचारून लिहिलेलं.

मला सगळ्यात जास्त तळमळ आहे ती पुण्या-मुंबईला शिकायला, नोकरीला गेलेल्या आपल्या पोरापोरींची. आईबाप बसमध्ये डबे पाठवतात, लोणचं, चिवडा, बिबडे, शेव. त्यात दोन किलो कळणा पाठवा. पोरगा असो की पोरगी, धिरडं कोणालाही येतं, एक तवा, एक वाटी, एक कांदा आणि शेगडी पाहिजे बस. रात्री रूमवर आल्यावर मैद्याचं काहीतरी मागवून खाण्यापेक्षा ते कितीतरी लवकर होतं आणि पोटही भरतं. आमच्या गावातली काही पोरं आता सुट्टीहून जाताना स्वतः येऊन कळणा दळून नेतात, बॅगेत पिशवी भरताना त्यांचे चेहरे बघितले की फार बरं वाटतं.

आमच्या गिरणीवाल्या भाऊ-बहिणींनाही या पत्रातून एक विनंती. शहरातल्या बऱ्याच गिरण्यांवर दोन-तीन किलोचं मिश्र दळण घेत नाहीत, गव्हाच्या मागे ज्वारी घालायची तर दगड साफ होईपर्यंत पीठ मिसळतं, वेळ जातो, हे मलाही रोज सोसावं लागतं. त्यावर आम्ही उपाय केलाय, आठवड्यातला एक दिवस सकाळी फक्त ज्वारी-बाजरी आणि कळणा, गहू त्यानंतर. लोकांना दिवस माहीत झाला की ते बरोबर त्या दिवशी येतात, आणि ज्यांना गव्हाचा कणही चालत नाही अशा एक-दोन घरांना मी स्पष्ट सांगते की गिरणीचं दळण त्यांच्यासाठी नको, त्यांनी घरचीच छोटी चक्की वापरावी. पण बाकीच्यांची सोय होते, गिरणीचं नुकसान होत नाही.

तर साहेब, मागणं एवढंच की झटपट पदार्थांच्या पानावर महिन्यातून एकदा तरी खान्देशातलं पीठ येऊ द्या, आणि ते चवीपुरतं, अंदाजे, असं न लिहिता वाटी-किलोच्या मापात, पीठ किती दिवस टिकतं, बारीक की जाडसर दळायचं यासकट. आमच्यासारख्या गिरणीवाल्यांना विचारा, शेतातल्या बायांना विचारा, सगळे आनंदाने सांगतील. सुरुवात कळण्यानेच करा आणि ती दिवाळीच्या आसपासच्या रविवारी करा. त्यानंतर भरीताची वांगी बाजारात येतात, जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय आणि शेतात भरीत-पार्ट्या सुरू होतात, तिथे भरीताबरोबर कळण्याच्या पुऱ्या लागतातच, त्या पुऱ्यांनाही वर दिलेलं चाराला एकचंच माप चालतं, फक्त पाणी थोडं कमी आणि पीठ घट्ट. पान आधी छापून आलं तर लोक वेळेत दळण आणतील.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
पिठाची गिरणी, ता. अमळनेर, जि. जळगाव